हनीक्रिस्प सफरचंद

हनीक्रिस्प : सफरचंदाचा (लॅ. मॅलस डोमेस्टिका, कुल-रोझेसी) एक गोड, रसाळ व करकरीत वाण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फळझाड सुधारणा कार्यक्रमात १९६० मध्ये केलेल्या संकरातून तो निर्माण झाला व १९९१ मध्ये लागवडीसाठी प्रसृत करण्यात आला. नावातील पहिले पद मधासारख्या गोडीचे, तर दुसरे करकरीतपणाचे निदर्शक आहे. यूरोपात याच वाणाची फळे ‘हनीक्रंच’ या व्यापारी नावाने विकली जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सफरचंदाच्या व्यापारी वाणांची निवड प्रामुख्याने रंग, आकार व वाहतुकीतील टिकाऊपणा यांवर होत असे. फळ चावताना त्याचा गर कसा लागतो, या गुणाला स्वतंत्र किंमत मिळवून देणारा वाण म्हणून हनीक्रिस्पला फलोद्यानविद्येत महत्त्वाचे स्थान आहे. हा वाण निवडीच्या एका टप्प्यावर निरुपयोगी ठरवून काढून टाकण्याच्या बेतात होता आणि त्याच्या मातापित्यांची नोंदही अनेक वर्षे चुकीची होती. त्यामुळे वाणनिर्मितीच्या पद्धतीचा अभ्यास करणाऱ्यांसही त्याचा इतिहास उद्‌बोधक वाटतो.

वर्णन : झाड मध्यम वाढीचे, पसरट-उभट असून कडाक्याची थंडी सोसणारे आहे. फळ मध्यम ते मोठे, गोलसर व किंचित चपटे असते. साल पातळ, मूळ रंग पिवळा व त्यावर तांबड्या रंगाची छटा असते. ही छटा सर्वत्र सारखी नसते. ती ठिपक्याठिपक्यांची व पट्ट्यांची असून तिचे प्रमाण हवामान आणि फळावर पडणारे ऊन यांनुसार बदलते. गर मलईच्या रंगाचा, जाडसर कणांचा पण मऊ न पडणारा, अतिशय रसाळ असतो. चव गोड असून तिला आंबटपणाची जोड असते. हा आंबटपणा मुख्यतः मॅलिक अम्लामुळे येतो व साठवणीत तो हळूहळू उणावतो. मिनेसोटात फळे साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धात काढणीस येतात. बाह्य रूपाच्या दृष्टीने हे फळ अनेक जुन्या व्यापारी वाणांपेक्षा डावे आहे. त्याचे वैशिष्ट्य खाल्ल्यावरच कळते.

पार्श्वभूमी : सफरचंदाचा मुख्य रानटी पूर्वज मॅलस सीव्हर्साय ही जाती असून ती मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजीत, विशेषतः कझाकस्तानात, अद्यापही रानटी अवस्थेत आढळते. यूरोपीय वसाहतवाल्यांनी हे फळ अमेरिकेत नेले. पूर्वेकडील सौम्य हवामानात ते सहज रुजले. परंतु मिनेसोटासारख्या उत्तर-मध्य प्रदेशात हिवाळी तापमान -३०° से. च्याही खाली जात असल्याने बहुतेक वाणांची झाडे मरून जात. पीटर गिडियन या वसाहतकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिनेटंका सरोवराच्या काठी अनेक वर्षे बिया पेरून पाहिल्या व अखेर थंडीत तगून चांगले फळ देणारे एक झाड मिळविले. १८६८ मध्ये प्रसृत झालेल्या या वाणास त्याने आपल्या पत्नीचे ‘वेल्दी’ हे नाव दिले. तेथील थंडीतही सफरचंदाची बाग टिकू शकते, हे या वाणाने सिद्ध केले. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने हे कार्य शास्त्रीय पायावर हाती घेतले व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यासाठी मिनीॲपोलिस शहराच्या पश्चिमेस स्वतंत्र संशोधनक्षेत्र स्थापन केले. १९२२ मध्ये प्रसृत झालेला ‘हॅरल्सन’ हा तेथील आरंभीचा यशस्वी वाण होय. थंडी सोसण्याची क्षमता ही या केंद्रातील निवडीची पहिली कसोटी राहिली. हनीक्रिस्पचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सफरचंदाच्या बीपासून वाढलेले झाड मातृवृक्षासारखे निपजत नाही. याचे कारण असे, की एकाच झाडाच्या किंवा एकाच वाणाच्या परागाने फलधारणा सहसा होत नाही. दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. परिणामी प्रत्येक बी हा एक नवा संकर असतो व फळातील पाचही बियांपासून पाच निराळ्या गुणांची झाडे होऊ शकतात. त्यांपैकी बहुतेकांची फळे लहान, आंबट किंवा तुरट निघतात. म्हणून मनाजोगते झाड मिळाले, की त्याचा डोळा अथवा काडी दुसऱ्या खुंटावर बांधून त्याची कलमे करतात. कोकणातील हापूस आंब्याची परंपरा जशी कलमांच्या द्वारे टिकून राहिली आहे, तशीच प्रत्येक सफरचंद वाणाची आहे. एका वाणाची जगातील सर्व झाडे ही आनुवंशिक दृष्ट्या एकाच मूळ झाडाचे विस्तार होत. मूळ झाड व त्याची पहिली काही कलमे नष्ट झाली, तर तो वाण कायमचा नाहीसा होतो. कारण तोच संकर पुन्हा करूनही तेच झाड मिळण्याची शक्यता व्यवहारतः नसते.

संकर, निवड व पुनर्परीक्षण : फळझाडांच्या सुधारणेत निवडलेल्या मातृवृक्षाच्या फुलांतील पुंकेसर ती उमलण्यापूर्वी काढून टाकतात, त्यांवर पितृवृक्षाचा पराग लावतात आणि त्यांपासून झालेल्या बिया पेरून रोपे वाढवितात. हजारो रोपांमधून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाडे पुढील परीक्षणासाठी निवडली जातात. १९६० मधील संकरापासून मिळालेले एक रोप १९६२ मध्ये संशोधनक्षेत्रात लावण्यात आले. त्याची फळे चांगली आढळल्याने १९७४ मध्ये त्याची निवड होऊन त्याला ‘एमएन १७११’ हा क्रमांक मिळाला व त्याची थोडी कलमे तयार करण्यात आली. संकरापासून या पहिल्या निवडीपर्यंत चौदा वर्षे गेली, यावरून या कामास लागणाऱ्या कालावधीची कल्पना येते.

त्यानंतर १९७६-७७ चा हिवाळा अतिशय कडक गेला. मूळ झाडाला थंडीची इजा झाल्याची नोंद झाली आणि पुरेसा थंडीसह नसलेला वाण या शेऱ्यासह एमएन १७११ टाकून देण्याच्या यादीत गेला. केंद्राच्या नियमित पद्धतीनुसार हा निर्णय योग्यच होता. परीक्षणक्षेत्राची जागा मर्यादित असते व दरवर्षी नव्या रोपांसाठी जुनी झाडे काढावीच लागतात. १९७९ मध्ये डेव्हिड बेडफर्ड हे या कार्यक्रमात रुजू झाले. नोंदी तपासताना त्यांच्या असे लक्षात आले, की मूळ झाड ज्या जागी होते ती जागाच सफरचंदास प्रतिकूल होती. त्यामुळे झालेली इजा वाणाच्या अंगभूत दुर्बलतेमुळेच झाली, असे म्हणता येत नव्हते. शिल्लक राहिलेली कलमी झाडे त्यांनी काढू दिली नाहीत. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या झाडांना फळे धरली, तेव्हा त्यांचा गर नेहमीच्या कोणत्याही सफरचंदापेक्षा वेगळा असल्याचे दिसून आले. थंडी सोसण्याच्या कसोटीलाही ही झाडे उतरली. बेडफर्ड व त्यांचे सहकारी जेम्स लूबी यांच्या नावे या वाणाचे एकस्व, म्हणजेच पेटंट, घेण्यात आले आणि १९९१ मध्ये हनीक्रिस्प या नावाने तो प्रसृत झाला. संकरापासून प्रसारापर्यंतचा एकूण काळ ३१ वर्षांचा आहे.

एकाच झाडावर, एकाच जागी व एका असाधारण वर्षी केलेले निरीक्षण वाणाविषयी निर्णय घेण्यास अपुरे असते. झाडात दिसणारा गुण हा त्याची आनुवंशिकता व परिस्थिती या दोहोंचा संयुक्त परिणाम असतो. दोहोंचा वाटा निराळा काढावयाचा, तर त्याच वाणाची अनेक झाडे अनेक जागी लावून पाहावी लागतात. कृषिसंशोधनातील हे मूलतत्त्व या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते.

मातापित्यांचा शोध : केंद्राच्या नोंदींनुसार हनीक्रिस्प हा ‘मकाउन’ व ‘हनीगोल्ड’ या वाणांचा संकर समजला जात असे व एकस्वाच्या कागदपत्रांतही तसेच नमूद करण्यात आले होते. मकाउन हा न्यूयॉर्क राज्यातील, तर हनीगोल्ड हा मिनेसोटातीलच वाण आहे. पुढे डीएनएच्या साहाय्याने वंश पडताळण्याच्या पद्धती उपलब्ध झाल्या. संततीला आनुवंशिक द्रव्याचा अर्धा भाग मातेकडून व अर्धा पित्याकडून मिळतो. त्यामुळे डीएनएच्या कोणत्याही ठराविक स्थानी संततीत जी दोन रूपे आढळतात, त्यांपैकी एक मातेत व दुसरे पित्यात आढळलेच पाहिजे. अशी अनेक स्थाने तपासली असता एखादा वाण जनक असणे शक्य आहे की नाही, हे निश्चित करता येते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात मकाउन व हनीगोल्ड हे दोन्ही हनीक्रिस्पचे जनक नसल्याचे निष्पन्न झाले. एक जनक ‘कीपसेक’ हा मिनेसोटाचाच वाण असल्याचेही त्यात सिद्ध झाले.

दुसऱ्या जनकाचा उलगडा होण्यास आणखी काही वर्षे लागली. डीएनएमधील हजारो स्थानांच्या तुलनेवर आधारलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो ‘एमएन १६२७’ हा कधीही प्रसृत न झालेला परीक्षणाधीन वाण असल्याचे दाखविण्यात आले. या वाणाच्या द्वारे ‘डचेस ऑफ ओल्डनबर्ग’ व ‘गोल्डन डेलिशियस’ हे हनीक्रिस्पचे आजा-आजी ठरतात. पहिला मूळचा रशियातील जुना थंडीसह वाण असून दुसरा अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात आपोआप उगवलेल्या रोपापासून निघालेला गोड, पिवळा वाण आहे. कीपसेकच्या बाजूने ‘नॉर्दर्न स्पाय’ हा न्यूयॉर्क राज्यातील जुना वाण व ‘फ्रॉस्टबाइट’ हा मिनेसोटातील अतिगोड, थंडीसह वाण हे पूर्वज होत. हनीगोल्ड हाही गोल्डन डेलिशियसचीच संतती असल्यामुळे जुनी नोंद चुकीची असली, तरी गोल्डन डेलिशियसचे आजेपण नव्या वंशावळीतही कायम राहिले. परागणापासून बियांची साठवण, पेरणी व रोपांचे स्थलांतर यांपर्यंतच्या अनेक टप्प्यांत चिठ्ठ्यांची अदलाबदल होण्यास वाव असतो. म्हणून आता वाण प्रसृत करण्यापूर्वी त्याची वंशावळ डीएनए-परीक्षणाने पडताळून पाहण्याकडे संशोधन केंद्रांचा कल आहे. या शोधाचा व्यावहारिक उपयोगही आहे. उत्तम गर कोणत्या पूर्वजांकडून आला हे ठाऊक असल्यास पुढील संकरांसाठी जनकांची निवड डोळसपणे करता येते.

करकरीतपणाचे कारण : फळाचा गर सूक्ष्म कोशिकांचा बनलेला असतो. प्रत्येक कोशिकेत रस भरलेला असून त्याच्या दाबामुळे तिची भित्ती ताणलेली असते. शेजारच्या कोशिका पेक्टिनयुक्त थराने परस्परांस चिकटलेल्या असतात. बहुतेक वाणांत फळ पिकत जाते तसा हा थर विरघळू लागतो व कोशिकांतील दाबही कमी होतो. असे फळ चावल्यास कोशिका न फुटता एकमेकींपासून सुट्या होतात. रस आतच राहतो व गर पिठूळ लागतो. हनीक्रिस्पमध्ये कोशिका मोठ्या असतात. तसेच त्यांतील दाब व भित्तींची अखंडता ही काढणीनंतरही दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे दात लागताच कोशिका फुटतात, गराचे तुकडे स्पष्ट आवाजासह सुटे होतात व रस एकदम बाहेर येतो. ताजी कैरी चावताना येणाऱ्या अनुभवाशी याचे साम्य आहे. मात्र कैरी कच्ची असते, तर हनीक्रिस्पमध्ये पिकलेल्या फळाची गोडी व कच्च्या फळाचा करकरीतपणा एकत्र येतात. टणकपणा व करकरीतपणा हे गुण भिन्न आहेत, हेही या वाणामुळे स्पष्ट झाले. यंत्राने मोजल्यास हनीक्रिस्प हे फार टणक फळ नाही. अनेक टणक वाण चावण्यास कठीण असतात, पण करकरीत नसतात. याच कारणाने गराच्या परीक्षणात यंत्राबरोबर प्रशिक्षित आस्वादकांचाही उपयोग करावा लागतो.

लागवड : हनीक्रिस्पची कलमे बहुधा ‘एम ९’, ‘एम २६’ अथवा ‘बडगॉव्हस्की ९’ यांसारख्या खुजेपणा आणणाऱ्या खुंटांवर बांधतात. स्वपरागणाने फलधारणा होत नसल्याने बागेत त्याच सुमारास फुलणारे दुसरे वाण लावणे आवश्यक असते. उन्हाळा सौम्य व रात्री थंड असलेल्या प्रदेशांत फळांचा दर्जा सर्वांत चांगला येतो. उष्ण प्रदेशांत रंग कमी भरतो व गर निकृष्ट होतो. झाडाला वर्षाआड फलधारणेची खोड आहे. एका वर्षी फळे फार धरली, तर पुढील वर्षीचे फुलांचे डोळे तयार होत नाहीत. यासाठी फळे लहान असतानाच त्यांची विरळणी करावी लागते. उन्हाळ्यात पानांवर पिवळे पट्टे पडतात; ते रोगामुळे पडत नसून पानांत तयार झालेली कर्बोदके साचून राहिल्याने पडतात व झाडावर फळे कमी असल्यास अधिक दिसतात. खपली रोगाला हा वाण काही अंशी प्रतिकारक आहे. भुरी रोगाला मात्र तो बळी पडतो.

फळे एकाच वेळी पक्व होत नसल्याने एकाच झाडावरून अनेक वेळा वेचून काढणी करावी लागते. साल पातळ असल्याने एका फळाचे देठ दुसऱ्यात रुतून खोक पडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक फळाचे देठ काढणीच्या वेळीच कात्रीने आखूड करण्याची पद्धत आहे. ही सर्व कामे हातांनी करावयाची असल्याने मजुरीचा खर्च वाढतो.

विकृती व साठवण : या वाणाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ‘बिटर पिट’ ही विकृती होय. तीत सालीखालील गराचे लहान भाग मरून तेथे तपकिरी, खोलगट व चवीला कडवट डाग पडतात. गराला कॅल्शियम कमी पडणे, हे त्याचे मुख्य कारण आहे. मोठ्या फळांत, तसेच जोमदार वाढीच्या व कमी फळे असलेल्या झाडांवर ही विकृती अधिक आढळते. उपाय म्हणून हंगामात कॅल्शियमाच्या लवणांचे अनेक फवारे देतात, नायट्रोजनयुक्त खत बेताने वापरतात व झाडावरील फळांची संख्या समतोल राखतात.

शीतगृहात ठेवण्याच्या बाबतीतही हा वाण नाजूक आहे. इतर अनेक सफरचंदांप्रमाणे काढणीनंतर लगेच ०° से. च्या आसपास ठेवल्यास सालीवर पट्ट्यासारखे तपकिरी भाग पडतात व आतील गर ओलसर होऊन बिघडतो. त्यामुळे फळे प्रथम सुमारे एक आठवडा १०° से. तापमानात ठेवून नंतर सुमारे ३° से. तापमानात साठविण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही काळजी घेतल्यास फळे अनेक महिने करकरीत राहतात. फळातील आंबटपणा या काळात घटत असल्याने साठविलेले फळ ताज्यापेक्षा अधिक गोड, पण चवीला सपक वाटू शकते.

प्रसार व लोकप्रियता : हनीक्रिस्पच्या लोकप्रियतेचे आकलन होण्यासाठी त्याच्या आधीच्या परिस्थितीचा विचार करावा लागतो. विसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकेच्या बाजारपेठेवर ‘रेड डेलिशियस’ या वाणाचे प्रभुत्व होते. आयोवा राज्यातील जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोआप उगवलेल्या रोपापासून तो निघाला. त्याच्या फांद्यांवर आपोआप होणाऱ्या आनुवंशिक बदलांतून अधिकाधिक तांबड्या फळांचे उपप्रकार निवडले गेले. दुकानात फळ गडद व एकसारखे तांबडे दिसले, की ते विकले जाई. या निवडीत चव व गर यांकडे दुर्लक्ष झाले. साल जाड व कडसर, तर गर लवकर पिठूळ होऊ लागला. ग्राहक हळूहळू ‘गाला’, ‘फूजी’ व ‘ग्रॅनी स्मिथ’ या वाणांकडे वळू लागले. अमेरिकेतील उत्पादनात रेड डेलिशियसचा पहिला क्रमांक २०१८ मध्ये गालाने घेतला.

अशा वेळी हनीक्रिस्प बाजारात आला. आरंभी मिनेसोटा व आसपासच्या राज्यांतील छोट्या बागायतदारांनी तो लावला व बागेवरच थेट ग्राहकांना विकला. एकदा चव घेतलेले ग्राहक नाव विचारीत परत येऊ लागले व त्यासाठी अधिक किंमत देऊ लागले. किरकोळ बाजारात त्याचा भाव कित्येकदा इतर वाणांच्या दुपटीच्या आसपास असे. त्यानंतर मिशिगन, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन या राज्यांत आणि कॅनडाच्या नोव्हास्कोशा प्रांतात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. वॉशिंग्टन राज्यातील विस्तीर्ण, ओलिताच्या बागांमुळे पुरवठा वर्षभर होऊ लागला व उत्पादन वाढले तसा भावही उतरला. उष्ण व कोरड्या हवामानात घेतलेल्या फळांचा दर्जा मूळ प्रदेशातील फळांइतका सातत्याने चांगला येत नाही, अशी जाणकारांची तक्रार असते. थंड प्रदेशासाठी घडविलेला वाण त्याच्या मागणीमुळेच प्रतिकूल प्रदेशांत नेला गेला, हा या यशाचा विपरीत परिणाम म्हणावा लागेल. २००६ मध्ये मिनेसोटा राज्याने हनीक्रिस्पला आपले अधिकृत राज्यफळ म्हणून मान्यता दिली. ही सूचना एका प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी केली होती.

एकस्व व आर्थिक बाजू : अमेरिकेत कलमांनी वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या नव्या वाणांना १९३० च्या कायद्यानुसार एकस्व मिळू शकते. १९८० मध्ये झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने केंद्र सरकारच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे स्वामित्व विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले. हनीक्रिस्पच्या एकस्वानुसार रोपवाटिकांना प्रत्येक कलमामागे विद्यापीठास ठराविक स्वामित्वशुल्क द्यावे लागे. झाडामागे ही रक्कम अल्प असली, तरी लक्षावधी झाडांची लागवड झाल्याने विद्यापीठास सु. एक कोटी डॉलर उत्पन्न मिळाले व त्यातून पुढील संशोधनाला आधार झाला. अमेरिकेतील एकस्वाची मुदत २००८ मध्ये संपली. त्यानंतर कोणालाही हा वाण शुल्काविना वाढविता येऊ लागला.

या अनुभवानंतर विद्यापीठांचे धोरण बदलले. नवा वाण सर्वांना खुला न करता ठराविक बागायतदारांच्या गटालाच लागवडीचा परवाना देणे, फळाच्या व्यापारी नावाची स्वतंत्र नोंदणी करणे व उत्पादन मर्यादित ठेवणे, अशी पद्धत रूढ झाली. व्यापारी नावाच्या नोंदणीचे नूतनीकरण करता येत असल्याने एकस्व संपल्यावरही नियंत्रण राहते. दर्जा व भाव टिकविण्यासाठी हे आवश्यक आहे, असे या पद्धतीचे समर्थक मानतात. तर सार्वजनिक पैशातून निर्माण झालेला वाण छोट्या शेतकऱ्यांना नाकारला जातो, असा विरोधकांचा आक्षेप आहे. भारतात वनस्पतींना एकस्व दिले जात नाही. त्याऐवजी वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्यात वाणनिर्मात्याच्या हक्कांबरोबर शेतकऱ्यांच्या हक्कांचीही तरतूद केलेली आहे.

वंशज वाण : हनीक्रिस्पचा गर संततीत उतरतो असे दिसून आल्याने तो जनक म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. मिनेसोटा विद्यापीठाने ‘झेस्टार’ या लवकर येणाऱ्या वाणाशी त्याचा संकर करून ‘मिनेइस्का’ हा वाण निर्माण केला. त्याची फळे ‘स्वीटँगो’ या नावाने २००९ पासून बाजारात आली. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात १९९७ मध्ये ‘एंटरप्राइज’ व हनीक्रिस्प यांचा संकर करण्यात आला. त्यातून निघालेला ‘डब्ल्यूए ३८’ हा वाण ‘कॉस्मिक क्रिस्प’ या नावाने डिसेंबर २०१९ मध्ये विक्रीस आला. साठवणीस उत्तम व लागवडीस सोपा असल्याने वॉशिंग्टनमधील बागायतदारांनी तो फार वेगाने लावला. ‘एव्हरक्रिस्प’ हा हनीक्रिस्प व फूजी यांचा संकर आहे. या सर्वांत हनीक्रिस्पचा करकरीतपणा राखून त्याचे साठवणीतील व लागवडीतील दोष दूर करणे हा हेतू आहे. एकाच वाणाचा जनक म्हणून वारंवार वापर केल्याने नव्या वाणांचा आनुवंशिक पाया अरुंद होतो, हा धोकाही तज्ञांनी लक्षात आणून दिला आहे. म्हणून मध्य आशियातील रानटी सफरचंदांचे व जुन्या वाणांचे जतन करणे महत्त्वाचे ठरते.

भारतातील सफरचंदाची लागवड मुख्यतः काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे होते. हिमाचल प्रदेशातील कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डेलिशियस गटातील वाण अमेरिकेतून आणून लावले व त्यांच्यामुळेच तेथील बागायतीस चालना मिळाली. महाराष्ट्रातील बाजारांत दीर्घकाळ परिचित असलेले तांबडे, गोड व लवकर पिठूळ होणारे सफरचंद याच गटातील आहे. त्यामुळे अमेरिकेत ज्या वाणाची जागा करकरीत फळांनी घेतली, त्याच वाणावर भारतातील सफरचंदाची कल्पना पुष्कळ अंशी बेतलेली आहे. देशी फळांच्या बाबतीतही रंग, आकार व टिकाऊपणा यांच्या जोडीला गराच्या गुणाची पद्धतशीर नोंद ठेवणे, तसेच परीक्षणातून बाद ठरलेल्या झाडांच्या नोंदी पुन्हा तपासणे उपयुक्त ठरेल. हनीक्रिस्पच्या बाबतीत हे काम वेळेवर झाले, म्हणून काही थोड्या कलमांवर उरलेला एक वाण वाचला व पुढे कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला.